बाई मनातल्या मनात बोलतात

जानेफळ
३ जुलै २०२५

चि. याकोब यास,
प्रभूमध्ये सलाम.

मेहकरच्या डॉक्टरांनी कान तपासले. उजवा आधीच गेला होता, आता डावाही गेला. यंत्र लावून पाहिले. त्यात माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणून ते डबीत ठेवून दिले आहे. यापुढे फोन करू नकोस. मी तो उचलते ते फक्त 'मला ऐकू येत नाही' एवढे सांगण्यासाठी, आणि पलीकडचा माणूस त्यावर काय म्हणतो ते मला कळत नाही. पत्र लिही. त्या निमित्ताने तुझे शुद्धलेखनही सुधारेल. मागच्या पत्रात 'आशिर्वाद' असे होते.

मी ठीक आहे. तेहतीस वर्षे शाळेत मुलांचा गोंगाट ऐकला, आता शांतता मिळाली तर तक्रार कशाला करू? फक्त चर्चमध्ये अडचण होते. गीत कुठपर्यंत आले ते शेजारणीच्या बोटाकडे पाहून समजते, उपदेश मात्र अजिबात कळत नाही. तेवढा वेळ मी मनातल्या मनात प्रार्थना करते.

पाळकसाहेब नवीन आले आहेत. मूळचे सोनाळ्याचे, वयाने तिशीच्या आतले. नाव हरिओम. मी विचारले, बाप्तिस्मा घेताना नाव बदलावेसे वाटले नाही का? त्यांनी कागदावर लिहून दिले, 'आईने ठेवलेले आहे.'

सुवर्णा गेल्यापासून तू इकडे आलेला नाहीस. त्याला तीन वर्षे होतील. मी कारण विचारत नाही, फक्त नोंद करते.

तुझी,
पुष्पांजली


अमरावती
११ जुलै २०२५

बाई,
सलाम.

गाव तुला शाळेमुळे बाई म्हणतं. मी लहानपणापासून म्हणत आलो, कारण आपल्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. पुढे तू खरंच बाई झालीस आणि मला घरातही पाढे म्हणावे लागले.

'प्रभूमध्ये' गाळलं आहे, ते चुकून नाही. तुझ्या लाल पेनाला विनंती की तिथे खूण करू नये. सुवर्णा दवाखान्यात होती तेव्हा तुमच्या चर्चच्या सगळ्या मंडळीने आळीपाळीने, दिवसरात्र साखळी प्रार्थना केली. तू आपल्या भावजयीच्या खाटेशी उभी राहून चांगली लांब प्रार्थना केलीस. एक विभक्ती चुकली नाही. नर्ससुद्धा थांबून ऐकत होती. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. वीज मंडळात होतो तेव्हा शिकलो, की वरून उत्तर येत नसेल तर एक-दोन स्मरणपत्रं पाठवावीत आणि मग फाइल बंद करावी. मी बंद केली आहे. भांडण नाही, येणंजाणं नाही.

कानाचं वाईट वाटलं. एकटी राहतेस, दारावर कोणी आलं तर कळतं का? अमीरबीला सांगून ठेव. भिंतीला भिंत लागून आहे, तेवढा तरी उपयोग व्हावा.

याकोब


जानेफळ
२ ऑगस्ट २०२५

चि. याकोब,
प्रभूमध्ये सलाम. तू गाळलेस तरी मी लिहिणार.

हे तुला लिहावे की नाही असा विचार आठवडाभर केला. तू हसशील. पण दुसऱ्या कोणाला सांगू? इथे सांगितले तर लोक चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष द्यायला उभे करतात.

याकोब, देव माझे ऐकू लागला आहे.

चर्चच्या पायऱ्या तुला आठवत असतील. उतरताना मला भीती वाटते. ही गोष्ट मी कोणाजवळ बोलले नाही, फक्त त्याच्याजवळ बोलले, तेही मनात. पुढच्या रविवारी पायऱ्यांना लोखंडी पाइपचा कठडा लागलेला होता. यंदा माझ्या लोणच्याला बुरशी आली, तेही त्याला सांगितले. तीन घरांतून तीन बरण्या आल्या. एक फार खारट आहे, पण ते मी त्याला सांगितले नाही. अमीरबीची बकरी माझा मोगरा खायची. ती आता बांधलेली असते. आणि उपदेश. तो मला ऐकू येत नसला तरी घड्याळ दिसते. निम्म्यावर आला आहे.

तू म्हणशील हा योगायोग. एकदा होतो, दोनदा होतो. मी गणित शिकवले आहे.

पण बरणी आणि कठडा राहू दे. मला जे लिहायचे आहे ते वेगळेच आहे. मी आयुष्यभर त्याच्याशी बोलले ते शिक्षणाधिकाऱ्याला अर्ज लिहावा तसे. आदर होता, जवळीक नव्हती. वाकून उभे राहायचे आणि विनंती विशेष म्हणून मुद्दे मांडायचे. आता कान गेल्यावर माझाच आवाज मला ऐकू येत नाही, तेव्हा भाषेकडे कोण पाहणार? मनात जी येते ती येते. आई चुलीपाशी बोलायची ती. शाळेत एखादा मुलगा प्रार्थनेत 'मले' म्हणाला तर त्याला मी 'मला' म्हणायला लावत असे, आणि आता मी स्वतःच 'मले' म्हणते. कोणी पाहत नाही म्हणून म्हणते. आणि तो ते ऐकतो.

या वयात मला पहिल्यांदा वाटते आहे की तो माझा आहे. हे पुन्हा काढून घेतले गेले तर मी काय करीन, ते मला माहीत नाही.

तुझी,
पुष्पांजली


जानेफळ
१० ऑगस्ट २०२५

आदरणीय याकोबभाऊ,
प्रभूमध्ये सलाम.

मी इथला पाळक हरिओम. आपली भेट नाही. पत्ता बाईंच्या दारातल्या पाकिटावरून घेतला, त्याबद्दल क्षमा असावी.

एक नाजूक गोष्ट आहे. बाई समजतात की त्या मनातल्या मनात प्रार्थना करतात. तसं नाही. त्या मोठ्याने करतात. शाळेच्या मैदानावर ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना ते कळत नाही.

पहिल्या रविवारी मी उपदेश करत होतो. मधेच मागच्या बाकावरून आलं, "हे पोरगं लय लांबोते रे देवा. मले तं काही आयकू येत नाही, पन बाकीच्याईचे हाल पाह्य." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी जाऊन उपदेश कापला. नंतरच्या रविवारी, "पायऱ्या उतराचं मले भेव वाटते. पडली तं उचलन कोन?" त्या दिवशी कोणी हसलं नाही. सकाळी त्या ओट्यावर बसून हेच बोलतात. ते अमीरबींच्या घरी ऐकू जातं. त्यांचा मुलगा जावेद वेल्डिंग करतो. कठडा त्याने आणून बसवला, आम्ही सांगितलं नव्हतं. लोणच्याचं बाईंनी आपल्याला लिहिलंच असेल.

आता लोक वेळेवर येतात. बाई सुरू झाल्या की मी थांबतो. माझी आई जशी बोलायची तशी प्रार्थना मी चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. मला वाटायचं देवाला पुस्तकातलीच मराठी लागते.

अडचण अशी की नोव्हेंबरात हंगामाची उपासना आहे, पीक घरात आल्याचे आभार मानायची. बाहेरच्या मंडळ्यांचे पाहुणे येतील. त्यांच्यातलं कोणी हसलं आणि बाईंना दिसलं, तर त्या पुन्हा पायरी चढणार नाहीत. त्यांना आधी कोणीतरी सांगायला हवं. मी फार लहान पडतो. आपण भाऊ आहात.

आणखी एक. सांगावं की नाही ठरत नव्हतं. गेल्या रविवारी त्या आपल्याबद्दल बोलल्या. "त्याचा राग माह्यावर नाही, तुह्यावर हाय. मंग तूच जाय ना त्याच्याकडे. मी म्हातारी कुठी जाऊ?"

आपला नम्र,
हरिओम


अमरावती
२१ ऑगस्ट २०२५

बाई,
सलाम.

तुझं पत्र पोचलं. उशीर झाला. गुडघा दुखत होता, हे एक कारण. दुसरं, काय लिहावं ते सुचत नव्हतं.

कठडा लागला हे चांगलं झालं. लोणचं तीन-तीन बरण्या खाऊ नकोस, रक्तदाब वाढेल. देवाशी बोलतेस तर बोल, मी कशाला अडवू? पण माझं एक ऐकशील का? काय बोलायचं ते घरी बोलावं, दार लावून, आतल्या खोलीत. चर्चमध्ये नुसतं बसावं. चार माणसांत आपण आपलं गप्प असलेलं बरं. उगाच सांगतो आहे असं समज.

आणि माझ्याकडे कोणाला पाठवायच्या भानगडीत पडू नकोस. माझा राग तुझ्यावर आहे की त्याच्यावर, ते माझं मी बघेन.

याकोब


जानेफळ
२७ ऑगस्ट २०२५

याकोब,

तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. राग कोणावर आहे हे मी तुला लिहिलेले नाही. कोणालाच लिहिलेले नाही. ते मी एकाच ठिकाणी बोलले होते.

तुला कसे कळले? एका वाक्यात उत्तर लिही.

पुष्पांजली


अमरावती
२ सप्टेंबर २०२५

बाई,

एका वाक्यात: तू मनातल्या मनात बोलत नाहीस.

मोठ्याने बोलतेस. चर्चमध्ये, ओट्यावर, सगळीकडे. तुला ऐकू येत नाही म्हणून कळत नाही, एवढंच. पाळकांनी मला लिहिलं. त्यांच्यावर रागावू नकोस, तुझा अपमान होऊ नये म्हणूनच त्यांनी लिहिलं. मीच आडवळणाने लिहायला गेलो आणि पकडला गेलो. तुझ्या वर्गातही मी असाच पकडला जायचो.

कठडा जावेदने लावला. लोणचं बायकांनी आणलं. बकरी अमीरबीने बांधली. उपदेश पाळकांनी कापला, तू सगळ्यांसमोर त्यांना पोरगं म्हणालीस म्हणून. देव यात कुठे आहे ते मला दिसत नाही. पण हे लिहिताना मला बरं वाटत नाही. तुझं २ ऑगस्टचं पत्र मी टेबलावर ठेवलं आहे, आणि 'काढून घेतले गेले तर' हे वाक्य दिसू नये म्हणून त्यावर चष्म्याची डबी ठेवली आहे.

मला वाईट वाटतं, बाई. खरंच वाटतं. लगेच उत्तर लिही.

याकोब


जानेफळ
२९ ऑक्टोबर २०२५

चि. याकोब,
प्रभूमध्ये सलाम.

तू दोन कार्डे टाकलीस, पाळकसाहेबांकडून चौकशी केलीस, सगळे मिळाले. मी जिवंत होते. लिहायचे नव्हते.

तुझे पत्र वाचले त्या दिवशी मी पहिल्यांदा काय केले सांगू? गेल्या दोन महिन्यांत काय काय बोलले ते आठवायला बसले. बरेच आठवले. पोस्टमास्तरांच्या सुनेबद्दलही काही होते. मला इतकी लाज वाटली की संध्याकाळी दिवा लावायलाही उठले नाही. ज्या गावातल्या निम्म्या लोकांना मी अक्षर शिकवले, त्या गावासमोर मी आठवड्यामागून आठवडे मले-तुले करत रडले होते, आणि त्या सगळ्यांनी मला समजू दिले नाही.

तरी पुढचे दोन रविवार मी चर्चमध्ये गेले. न जाणे म्हणजे हार मानणे. तोंडावर रुमाल धरून बसले. आतून काही येईना. मग जुन्या पद्धतीने करून पाहिले. 'हे परमदयाळू स्वर्गीय पित्या' अशी सुरुवात केली, चार वाक्ये नीट जुळवली, आणि खरे सांगते, मलाच कंटाळा आला. त्याला इतकी वर्षे काय वाटले असेल? तिसऱ्या रविवारपासून घरीच राहिले. ओट्यावर बसणेही सोडले. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले. मी दार उघडून 'बरे नाही' म्हणाले आणि लावून घेतले. तू लिहिले होतेस, देव यात कुठे आहे. मला तेव्हा तेच वाटत होते. तो कधी आलाच नव्हता, गावाने माझी कीव केली होती, असे.

मग दसऱ्यानंतर एका सकाळी अमीरबी आली. आम्ही दोघी एकमेकींना सलाम करतो, तेवढा एक शब्द आमच्यात पहिल्यापासून सारखा आहे. ती अंगणात उभी राहिली. स्वतःच्या कानाला हात लावला, मग माझ्या तोंडाकडे बोट केले आणि दोन्ही हात पसरले. आवाज येत नाही, काऊन? मी मान हलवली. तिने पदर डोक्यावर घेतला आणि ओट्यावर बसली. जाईना. मी चहा केला, तिने घेतला, कप विसळून ठेवला आणि पुन्हा येऊन बसली. मी बोलावे असे तिला वाटत होते. इतके दिवस ती भिंतीपलीकडे बसून ऐकत असे, हे मला त्या वेळी समजले.

काय करणार? बोलले. या खेपेला मला माहीत होते की आवाज बाहेर जातो आहे. मी म्हटले, देवा, मले लाज वाटून राह्यली. सारं गाव आयकून राह्यलं. आता तुह्याजवळ लपवाले काही उरलं नाही, लोकाईजवळ बी नाही. याच्याउपर तू मले घे नाहीतर सोड. अमीरबीचे डोळे मिटलेले होते. आणि तो आला, याकोब. पहिल्यापेक्षा जवळ आला. मी तुला पुरावा देऊ शकत नाही. मला आधी वाटायचे त्याच्यापुढे नम्र होणे म्हणजे मान खाली घालणे. मान तर मी नेहमीच खाली घालत होते. फक्त स्वतःचे तोंड कधी उघडले नव्हते.

त्यानंतर जावेदला गाठून कठड्याबद्दल आभार मानले. तो काहीतरी म्हणाला, मला कळले नाही, तेव्हा त्याने मोबाइलवर टाइप करून दाखवले. 'सुनाई दिया तो किया.' यावर तू विचार कर.

मी चर्चमध्ये जाऊ लागले आहे. मोठ्याने बोलते, माहीत असून बोलते. पोस्टमास्तरांच्या सुनेचा विषय तेवढा सोडला आहे. तुझा सोडलेला नाही. हंगामाची उपासना १६ नोव्हेंबरला आहे. मी त्या दिवशीही बोलणार. पाहुण्यांना हसायचे असेल तर हसोत, पण मी एकटी बसलेली असेन, आणि त्याची मले थोडी भीती वाटते.

तुझी,
बाई


अमरावती
५ नोव्हेंबर २०२५

बाई,
सलाम.

तुझ्या पत्रात 'मले थोडी भीती वाटते' असं आहे. शुद्धलेखनाची चूक म्हणून खूण करणार होतो, केली नाही. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

आता माझं ऐक. तू सुवर्णासाठी प्रार्थना केलीस, ती शुद्ध होती, म्हणून मी तुझी टिंगल केली. मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. मीही मागितलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात बसून, रोज. मला तुझ्यासारखं जमत नाही, साधंच मागितलं. तू मनातल्या मनात समजून मोठ्याने मागतेस आणि दारात बरण्या येतात. मी खरोखरच मनातल्या मनात मागितलं होतं, बाई. कोणालाच ऐकू गेलं नाही. लोकांना नाही आणि त्यालाही नाही. राग आहे तो याचा आहे. तू बरोबर ओळखलंस, म्हणून जास्त राग आला.

जावेदच्या त्या वाक्यावर विचार केला. पटलं असं नाही. डोक्यातून जात मात्र नाही.

वीज मंडळात असताना पाइप गाडायची कामं मी पुष्कळ पाहिली आहेत. नुसती माती दाबून कठडा उभा केला असेल तर एका पावसाळ्यात हलतो. जावेदने खाली काँक्रीट भरलं आहे की नाही, ते बघायला मी १५ तारखेला येतो. याला उत्तर वगैरे समजू नकोस. रविवारी तुझ्या शेजारी बसेन. तोंड उघडणार नाही. पाळकांना सांगून ठेव, मला साक्षीला उभं करायचं नाही.

याकोब


जानेफळ, चर्च, मागून दुसरा बाक
१६ नोव्हेंबर २०२५
(उपदेश चालू असताना, गीतांच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर, एकच पेन आळीपाळीने घेऊन)

– बाई, पाहुणे वळून बघतात. तू माझं नाव घेतलंस. दोनदा.

– बघू देत. नीट ऐकू गेले का?

– डोणगावपर्यंत गेलं असेल.

– कोणी हसले?

– एकजण. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग नाही हसला.

– कठडा कसा आहे?

– घट्ट आहे. मीही धरूनच चढलो.

– सुवर्णाचे नाव मी घेतले, ते तुला चालले का?

– हो.

– मघाशी तुझे ओठ हलले. माझे कान गेले आहेत, डोळे नाहीत. त्याच वेळी पाळकसाहेब बोलायचे थांबले आणि पुढचे सगळे तुझ्याकडे वळले. मला काही कळले नाही. काय म्हणालास?

– तुझ्याशी नव्हतो बोलत, बाई.